कंपनीचं गावकूस

(वस्तीतल्या वाचनालयात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. गोदीत माल उचलणारा मॅट्रिक पास गडी कंपनीच्या अर्थशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर मागं बसलेले दोघं-तिघं हसले, ते मी बघितलं. हसा. अर्थशास्त्र ही कॉलेजात राहणारी वस्तू आहे असं आपल्याला शिकवलंय. ते रोज आपल्या पाठीवरून चालत जातं आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. मी जे वाचलंय ते रात्रपाळीनंतर, मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचलंय. चुकलो तर थांबवा.

सुरुवात एका हातापासून करतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका दोस्ताचा उजवा हात पोलादाच्या कॉइल आणि स्लिंगच्या मध्ये सापडला. दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं विचारायला निघालो, भरपाई कोण देणार? ज्यांचा माल त्या कंपनीचा साहेब म्हणाला, आम्ही काम स्टीव्हडोअरला दिलंय, त्यांना विचारा. स्टीव्हडोअरचा सुपरवायझर म्हणाला, माणसं ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं फक्त कागद असतो, माणसं पेटी कंत्राटदार आणतो. आणि पेटी कंत्राटदार म्हणजे कोण, तर आमचाच मुकादम. तो मान खाली घालून म्हणाला, "मी पण रोजावरच हाय रे." चार दारं झाली. चारी दारांवर एकच उत्तर : तो आमचा माणूस नाही.

गंमत बघा. कॉइल उचलताना तो चौघांचाही माणूस होता. चौघंही त्याच्यावर ओरडत होते. बोटं तुटली आणि तो कुणाचाच राहिला नाही. त्या रात्री मला प्रश्न पडला, ही कंपनी नावाची चीज आहे तरी काय? ती कुठं सुरू होते, कुठं संपते? तिची भिंत कोण आखतो? आजचं भाषण एवढ्यावरच आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. लंडनमध्ये सालोमन नावाचा एक कातड्याचा नि बुटांचा व्यापारी होता. त्यानं आपल्याच धंद्याची कंपनी केली. शेअर एकूण २०,००७. त्यातले २०,००१ त्याचे स्वतःचे, आणि बायको नि पाच पोरांच्या नावावर एकेक, कारण कायद्याला सात माणसं लागत होती. पुढं कंपनी बुडाली. कंपनीची बाजू घेऊन लिक्विडेटर कोर्टात म्हणाला, कंपनी कसली, सगळा सालोमनच आहे, त्याच्याकडून वसूल करा. १८९६ साली इंग्लंडच्या सर्वांत वरच्या कोर्टानं निकाल दिला : नाही, कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. तिचं कर्ज तिचं, सालोमनचं नाही. तारणावर कर्ज देणारा पुढं उभा राहिला आणि विनातारण उधारी देणाऱ्यांच्या हाती काही पडलं नाही.

आपल्याकडचा कंपनी कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. बूट शिवणाऱ्याला माणूस म्हणायला या देशाला किती वर्षं लागली ते मी सांगायला नको. बूट विकणाऱ्या कागदाला मात्र एका निकालात माणूस करून टाकलं. हा कागदी माणूस मालमत्ता घेतो, कर्ज काढतो, कोर्टात जातो. त्याला हात नसतात, त्यामुळं बोटं तुटत नाहीत.

आता अर्थशास्त्र. १९३७ साली रोनाल्ड कोस नावाच्या तरुण इंग्रज मास्तरानं एक लेख लिहिला. मुळातला विचार त्यानं १९३२ सालीच, एकवीस वर्षांचा असताना वर्गात मांडला होता. इथं बसलेल्यांपैकी निम्मे त्या वयाचे आहेत. तो शिकला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. आपल्या बाबासाहेबांनी १९२३ साली जिथून डी.एस्सी. घेतली तीच ही संस्था. पुढं १९९१ साली कोसला नोबेल मिळालं.

त्याचा प्रश्न पोरासारखा साधा होता. बाजारात सगळं भावानं चालतं असं म्हणता, मग कंपन्या असतातच कशाला? बाजारात कुणी कुणाला हुकूम देत नाही. तुम्ही भाजीवालीला हुकूम देता का? भाव पटला तर घेता, नाही तर पुढं जाता. पण गेटच्या आत पाऊल टाकलं की भाव संपतो. साहेब म्हणतो तीन नंबरच्या शेडमधून सात नंबरला जा, की माणूस जातो. तिकडं दर जास्त आहे म्हणून जात नाही, सांगितलं म्हणून जातो. म्हणजे बाजाराच्या समुद्रात ही हुकमाची बेटं आहेत. ती का आहेत?

कोसचं उत्तर असं : बाजार वापरायलाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव करा, घासाघीस करा, करार लिहा, उद्या परत तेच. रोज सकाळी नाक्यावर जाऊन पन्नास माणसं गोळा करण्यापेक्षा पन्नास माणसं पगारावर ठेवली तर हा खर्च वाचतो. म्हणून कंपनी होते. पण कंपनी फार फुगली की आतला खर्च वाढतो. साहेबावर साहेब, त्यावर आणखी साहेब, खाली काय चाललंय ते वर कळत नाही. जिथं आतला खर्च बाहेरच्या खर्चाइतका होतो, तिथं कंपनीची भिंत उभी राहते.

माणूस हुशार. मला हे पटतं. फक्त मी एक विचारतो, हा हिशोब कुणाच्या वहीतला? भिंत आखणाऱ्याच्या वहीतला. माझ्या दोस्ताची दोन बोटं हा खर्चच आहे. पण तो भिंतीच्या बाहेर टाकता आला, तर मालकाच्या वहीत शून्य. फंड, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना हे सगळं भिंतीबाहेर ढकललं की कंपनी 'कार्यक्षम' होते. खर्च नाहीसा झालेला नसतो. तो आपल्या खोलीत येऊन बसलेला असतो.

आता भिंतीच्या आत जाऊ. आत डोकं कुणाचं आणि हात कुणाचे?

अमेरिकेत टेलर नावाचा इंजिनिअर होता. 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा बाप म्हणतात त्याला. १९११ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात पोलाद कारखान्यातल्या एका हमालाची गोष्ट आहे, तो कच्च्या लोखंडाच्या लाद्या वॅगनीत भरायचा. गोष्ट आपल्या धंद्यातली म्हणून मी ती बारकाईनं वाचली. आधी गडी दिवसाला साडेबारा टन भरायचे, मजुरी १ डॉलर १५ सेंट. टेलरनं घड्याळ लावलं. उचल म्हटलं की उचल, बस म्हटलं की बस. हा गडी साडेसत्तेचाळीस टन भरायला लागला आणि मजुरी झाली १ डॉलर ८५ सेंट.

आता मॅट्रिकचं गणित करा. काम जवळजवळ चौपट. मजुरी दीडपटीच्या जरा वर. आधी टनामागं सव्वानऊ सेंट पडायचे, नंतर चारसुद्धा नाहीत. एक लादी ९२ पौंडांची, म्हणजे बेचाळीस किलोच्या आसपास. साडेसत्तेचाळीस टन म्हणजे अशा साडेअकराशे लाद्या. दहा तासांचा दिवस धरला तर मिनिटाला दोन. ज्यानं कधी पाठीवर काही घेतलं नाही त्याला हा आकडा शास्त्र वाटेल. मला माझी कंबर आठवते. पुढं इतिहासकारांनी जुने कागद तपासले तेव्हा टेलरनं गोष्ट बरीच रंगवल्याचं दिसलं. पण जगभरच्या मॅनेजरांनी धडा घ्यायचा तो घेतला.

तो धडा असा : विचार करणं हे ऑफिसचं काम, हात चालवणं हे कामगाराचं. टेलर लिहितो की या कामाला बैलासारख्या बुद्धीचा माणूस बरा, त्याला कामामागचं शास्त्र कळूच शकत नाही. वाचलं आणि मला हसू आलं. हे आपल्याला अमेरिकेतून यायची गरज होती का? डोक्यानं जन्मलेले वेगळे, पायानं जन्मलेले वेगळे, ही वाटणी आपल्याकडं कधीपासूनची आहे. टेलरनं घड्याळ वापरलं, आपल्याकडच्यांनी पोथी. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की जात कामाची नुसती वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्यांनाच वेगळं पाडते आणि वर-खाली रचते.

मग साहेब लागतोच कशाला? जहाज कसं रिकामं करायचं हे टोळीला ठाऊक असतं. कुठला माल आधी काढायचा, वजन कुठं कलतंय, हुक कुठं लावायचा. १९७४ साली स्टीफन मार्गलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं नेमका हाच प्रश्न विचारला, साहेब करतात तरी काय? त्याचं म्हणणं, सुरुवातीचे कारखाने माल जास्त निघतो एवढ्यासाठी उभे राहिले नाहीत. कामगाराचा वेळ, वेग आणि माल ताब्यात यावा म्हणून राहिले. काम तुकड्यांत वाटलं की कुणालाच पूर्ण काम येत नाही. मग तुकडे जोडणारा साहेब अपरिहार्य होतो. ज्याला पूर्ण काम येतं त्याला अर्धं विसरायला लावायचं आणि मग म्हणायचं, तुला अर्धंच येतं.

पण एक समजून घ्या. वरही सगळं सरळ नसतं. मालक वेगळा आणि चालवणारा वेगळा, हे भांडण जुनं आहे. अठराव्या शतकातच ॲडम स्मिथनं इशारा दिला होता की दुसऱ्याचा पैसा सांभाळणारे संचालक तो स्वतःच्या पैशासारखा जपणार नाहीत. १९३२ साली बर्ली आणि मीन्स या दोघा अमेरिकनांनी दाखवलं की मोठ्या कंपन्यांत शेअरवाले हजारो, पण चावी मूठभर मॅनेजरांकडं.

आपल्या मुंबईला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १८५४ साली कावसजी दावरनं इथं पहिली कापडगिरणी काढली, आणि गिरण्यांबरोबर आली मॅनेजिंग एजन्सी. म्हणजे कंपनी शेअरवाल्यांची, कारभार एका एजंट घराण्याचा, करार वर्षानुवर्षांचा. बऱ्याच गिरण्यांत एजंटला कमिशन मिळायचं ते नफ्यावर नाही, सुताच्या पौंडामागं. गिरणी तोट्यात असली तरी सूत निघत राहिलं की याचं कमिशन चालू. कापूस घेताना दलाली, कोळसा घेताना दलाली, कापड विकताना दलाली. तोटा झाला की मग कामगाराला सांगायचं, धंदा मंदीत आहे, पगार कापतो. १९३६ च्या दुरुस्तीनं कमिशन निव्वळ नफ्याशी बांधलं, १९५६ च्या कायद्यानं त्याला आणखी लगाम घातला, आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धत बंद झाली. शंभरावर वर्षं चालली.

वर मॅनेजिंग एजंट, तसा खाली जॉबर. गिरणीच्या साहेबाला कामगाराचं नाव माहीत नसायचं. भरती जॉबर करायचा, कामावरून काढायचा जॉबर, दस्तुरी घ्यायचा जॉबर, आणि कितीदा व्याजानं पैसे देणाराही तोच. १९३१ साली व्हिटले कमिशनच्या अहवालानं ही लाचखोरी नोंदवून ठेवलीय. गोदीत त्याचं नाव टोळीवाला. कंपनीला हे सोयीचं होतं. कोसच्या भाषेत सांगायचं तर माणूस शोधण्याचा आणि दाबण्याचा खर्च जॉबरनं उचलला, आणि आमच्या खिशातून वसूल केला.

जॉबर माणसं आणायचा ती आपल्या गावची, आपल्या जातीची. म्हणजे जात गेटवर चप्पल काढून आत आली नाही, चपलेसकट आली. गिरणीत चांगला पगार विणाईखात्यात, साच्यांवर. तिथं आपल्या माणसांना बंदी. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढावं लागायचं, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा दुसऱ्याला चालणार नाही. आठ तास, दहा तास एका छपराखाली राबणारे, एकाच मालकाकडून नागवले जाणारे, पण थुंकी वेगळी! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. यंत्राला जात कळत नव्हती. पगाराच्या वहीला कळत होती.

हे जुनं झालं म्हणाल, तर नवा आकडा ऐका. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास छापून आला. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळं त्यांनी २०१० सालच्या माहितीवरून तपासली. संचालक ९,०५२. त्यात अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३१९. शेकडा साडेतीन. शेकडा नव्वदच्या वर उच्च जातींचे. वर बसलेले म्हणतात आम्ही गुणवत्तेवर बसलोय. गुणवत्तेला आडनावं इतकी नेमकी कशी ओळखता येतात?

आता कुणी म्हणेल, मधला माणूस काढला तर काम कोण चालवणार? याचं उत्तर आपल्याच गोदीनं दिलंय. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. त्यातून गोदी कामगार मंडळं उभी राहिली. कामगाराची नोंद मंडळाकडं, पाळी लावणार मंडळ, काम नसलं तरी हजेरीचा काही पैसा. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. टोळीवाल्याचा गळफास सुटला. जहाजं रिकामी व्हायची थांबली का? नाही. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. तिथंही तेच : मंडळाकडं नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही, त्यातून फंड आणि दवाखाना. हमालाला एक मालक सापडत नाही तर सगळ्या मालकांना मिळून जबाबदार धरा, एवढी साधी ही युक्ती. या मंडळांत भ्रष्टाचार झाला, पुढाऱ्यांचे गट झाले, सगळं खरं. पण एक सिद्ध झालं की मुकादम हा निसर्गाचा नियम नाही.

मग चाक उलटं फिरलं. कंटेनर आले. १९८९ साली पलीकडं न्हावा शेवा बंदर सुरू झालं. १९९७ साली कायदा करून मोठ्या बंदरांतल्या गोदी मंडळांचं काम गुंडाळायची वाट मोकळी केली. माझे आजोबा मंडळाच्या बिल्ल्यावर रिटायर झाले. मी त्याच गोदीत रोजंदारीच्या गेटपासवर जातो. तीन पिढ्यांत आमचं घर पुढं गेलं म्हणतात. कामाच्या कागदावर तरी ते मागं आलंय.

हे एकट्या गोदीचं नाही. २०२२-२३ च्या वार्षिक औद्योगिक पाहणीत कारखान्यांतल्या दर दहा कामगारांत चार ठेकेदारामार्फतचे निघाले. आणि इथं मोटरसायकलवरून घरोघर जेवण पोचवणारी पोरं बसलीत. त्यांना तर कंपनी कामगारही म्हणत नाही, पार्टनर म्हणते. पार्टनरला नफ्यात वाटा असतो ना? याच्या वाट्याला पेट्रोल आणि पंक्चर. मुकादम आता मोबाईलमध्ये बसलाय. तो शिवी देत नाही, नुसता आयडी बंद करतो.

कोस म्हणाला होता की भिंतीच्या आत हुकूम आणि बाहेर भाव. आज मालकाला दोन्ही पाहिजे. हुकूम भिंतीबाहेरही चालला पाहिजे आणि जबाबदारी मात्र भिंतीशीच थांबली पाहिजे. दोस्तहो, ही भिंत आपण ओळखतो. हिचं जुनं नाव गावकूस. गावाचं सगळं काम आपण करायचं, सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, वेशीची राखण करायची, आणि राहायचं कुसाबाहेर. हुकूम कुसाबाहेर पोचायचा, पाणी पोचायचं नाही. कंपनीनं गावाकडून ही एक गोष्ट नीट शिकून घेतलीय.

आता करायचं काय? नुसत्या घोषणा देऊन मी घरी जाणार नाही.

एक. तुमचा मूळ मालक कोण, ते लिहून काढा. ठेकेदाराचं नाव, त्याच्या वरच्याचं नाव, सगळ्यात वर माल कुणाचा, काम कुणाच्या जागेत. हजेरीची वही स्वतः ठेवा. गेटपासचे फोटो काढून ठेवा.

दोन. कायदा वाचा. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या १२ व्या कलमात होतं की ठेकेदाराच्या माणसाला धंद्याच्या कामात इजा झाली तर मूळ मालक भरपाईला बांधील, मग त्यानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं द्यावी. २०१९ आणि २०२० च्या नव्या संहितांनी बरंच मोडलं, पण हे तत्त्व त्यांनाही पुसता आलं नाही. म्हणजे चार दारांवर आम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं. आम्हाला माहीत नव्हतं म्हणून ते चाललं.

तीन. हिशोब शिका. जी पोरं बी.कॉम. करतायत त्यांनी नुसती नोकरी शोधू नये, टोळीला ताळेबंद वाचायला शिकवावं. ठेकेदार बिलात माझ्या नावापुढं जो आकडा लावतो आणि माझ्या हातात जो पडतो, त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपलं सगळं राजकारण आहे.

चार. हे कडू आहे, पण बोलतो. आपल्या संघटनांच्या आत बघा. तिथंही मॅनेजिंग एजंट झालेत की नाही? चळवळ तोट्यात, गट फुटलेले, पोरं केसेस अंगावर घेऊन फिरतायत, आणि कुणाचं तरी कमिशन पौंडामागं चालूच आहे. जो पुढारी जमाखर्च दाखवत नाही तो जॉबर, त्याच्या गळ्यात निळा रुमाल असला तरी. आपण कंपनीला जे प्रश्न विचारतो ते आपल्या ऑफिसातही विचारले पाहिजेत. हुकूम कोण देतं, हिशोब कोण बघतं, आणि मार कोण खातं?

दोस्ताच्या भरपाईचा अर्ज आम्ही दाखल केलाय. त्यात मूळ मालकाचं नाव पहिलं घातलंय. तारीख पडलीय. पैसे कधी मिळतील सांगता येत नाही. तो डाव्या हातानं सही करायला शिकतोय, कारण ठेकेदाराचा माणूस म्हणाला होता, सहीला काय, अंगठा पण चालेल. तो म्हणाला, अंगठा देणार नाही.

पुढच्या रविवारी याच वेळी इथंच जमू. येताना प्रत्येकानं आपली पगाराची स्लिप आणायची. ज्याला स्लिपच मिळत नाही त्यानं आधी यायचं.

जय भीम.